दादारावांचा डावा पाय

“डावीकडून धर. डावीकडून म्हणतो ना, यशवंत! जॅक सरकून राहिला.”

“दादाराव, तू तिकडं बाकावर बस अन् चहा पे,” गाडीच्या खालून आवाज आला. “गिअरबॉक्स मी उतरवून राहिलो का तू?”

दादाराव सोमकुंवर बाकावर बसले, पण चहा काही प्याले नाहीत. आपल्या अँबेसेडरच्या पोटात दुसऱ्याचे हात असले की त्यांच्या घशाखाली काही उतरत नसे. आणि हे हात तर निम्म्या आयुष्याच्या ओळखीचे होते. सौंसरहून नागपूरला जाणाऱ्या रस्त्यावरचं यशवंतरावांचं गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक कडुलिंब आणि नव्या गाड्यांना हात लावायचा नाही अशी मालकाची खोड. नव्या गाड्या आपल्याला आवडत नाहीत, असं यशवंतराव सांगत. नव्या गाड्या त्यांच्याकडे येतच नाहीत, हे त्यांना कोणी सांगत नसे.

गिअरबॉक्स जॅकवर बसून हळूहळू खाली आला. यशवंतराव त्याच्यामागून सरपटत बाहेर आले, हात पुसले, झाकण काढून आत बॅटरीचा उजेड टाकला आणि जिभेनं ‘च्यक’ केलं. पहिल्या गिअरचे दात तुटले होते. क्लच प्लेट जळून काळीनिळी पडली होती. आणि क्लच दाबल्यावर ज्याच्या जोरानं प्लेट सुटते, ते कार्बनचं बेअरिंग झिजून वडीएवढं उरलं होतं. ते त्यांनी तळहातावर घेऊन दादारावांपुढे धरलं.

“हे मी तुले दिवाळीले नवं टाकून देल्लं होतं.”

“माल डुप्लिकेट असन.”

“मालाले नावं ठेवू नको. हे असं तवाच झिजते, जवा माणूस क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवते.”

“मी?” दादाराव ताडकन उठले. “मी क्लचवर पाय ठेवतो? कोणाले सांगून राहिला बे तू?”

राग येण्यासारखीच गोष्ट होती. दादारावांनी जन्मभर सरकारी खात्यात ड्रायव्हरकी केली, तीही याच गाडीवर. साहेब बदलत गेले, गाडी तीच राहिली आणि ड्रायव्हरही तोच राहिला. मागच्या सीटवर साहेब फायलींवर सह्या करत आणि सही हलत नसे. गिअर स्टेअरिंगच्या बाजूला, दांडी जुनी, पण गिअर कधी पडला हे मागच्या माणसाला कळत नसे. गाडी भंगारात काढून लिलावाला लावली तेव्हा दादारावांनीच ती घेतली आणि पहिल्यांदा बायकोला, सुमनबाईंना, साहेबांच्या जागी मागे बसवून नागपूरला दीक्षाभूमीवर नेलं. वाटेतलं लोधीखेडा येईपर्यंत सुमनबाई समोर बघत बसल्या. मग म्हणाल्या, “अवो, मले पुढं घ्या. इथं बसून तुमची निसती मानच दिसून राहिली.”

तेव्हापासून दर चौदा एप्रिलला बाबासाहेबांचा फोटो दादारावांच्या गाडीवर असतो. फोटो बोनेटवर, हार, निळे झेंडे, पुढे लेझीम, मागे पांढऱ्या साड्यांतल्या बाया आणि मधे पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं चालणारी अँबेसेडर. त्या वेगानं तासन् तास गाडी चालवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. सगळा खेळ अर्ध्या क्लचवर असतो. बंपरपुढे हातभर अंतरावर पोरं नाचत असतात. पाय जरा जास्त सुटला तर गाडी उडी मारेल, जास्त दाबला तर चढावर मागे येईल. दादारावांच्या गाडीनं इतक्या वर्षांत कोणाला साधा धक्का दिला नव्हता. वस्तीत लोक तारीख सांगताना ‘दादारावनं गाडी काढली त्या दिवशी’ असं सांगत.

यंदा गाडी बंद पडल्याचं कळताच पुतण्या प्रतीक घरी येऊन गेला होता. तो मिरवणूक समितीत होता.

“मोठे बाबा, जय भीम. पोरं म्हणून राहिले का यंदा पिकअप करू. वरतं फोटो ठेवला का दुरून दिसते बी.”

“भाजीपाल्याच्या गाडीवर?”

“धुऊन घेऊ ना.”

“गाडी तयार होते,” दादाराव म्हणाले. “अन् मी बी तयार हावो. पोराईले सांगून दे.”

तयार होते ते म्हणायला. दीड वर्षापासून त्यांच्या कंबरेतली नस दबली होती. नागपूरच्या डॉक्टरनं डाव्या पायाच्या तळव्याला टाचणी लावून विचारलं होतं, कळतं का म्हणून. दादारावांनी नजर चोरून टाचणीकडे पाहिलं आणि ‘कळते’ म्हणून सांगितलं. घरी त्यांनी वाताचं निमित्त केलं. वाताच्या नावावर काय, काहीही खपतं.

दुसरा गिअरबॉक्स पांढुर्ण्यात सापडला. पंचफुलाबाई नावाच्या एका विधवा बाईंच्या संत्र्याच्या गोदामात त्यांच्या नवऱ्याची अँबेसेडर उभी होती. ते गेल्यापासून तिच्यात कोंबड्या अंडी घालत. बाईंनी यशवंतरावांना सांगितलं, “आतलं काय पाहिजे ते काहाडून न्या भाऊ. गाडी तेवढी उभी राहू द्या. जागा मोकळी पाहून मले करमणार नाई.” संत्र्याच्या रिकाम्या क्रेटमध्ये बसून गिअरबॉक्स सौंसरला आला. यशवंतरावांनी तो खोलून, धुऊन, नवी सील घालून बसवला. नवी प्लेट, नवं बेअरिंग, क्लचच्या सिलेंडरची रबरं, सगळं टाकलं. उरलं होतं फक्त नळीतली हवा काढणं. त्याला दोन माणसं लागतात. एक वर पेडलवर, एक खाली नळीपाशी.

“चाल, बस,” यशवंतराव खाली सरकत म्हणाले. “मी म्हणन तवा दाबजो, म्हणन तवा सोडजो.”

दादाराव आपल्या सीटवर बसले. कितीतरी दिवसांनी बसले होते. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोर रस्त्यावर.

“दाब.”

“दाबला.”

खाली नळीतून बुडबुडे निघाले. यशवंतरावांनी नट आवळला.

“सोड.”

“सोडला.”

खाली सिलेंडरची दांडी बाहेर आलेलीच होती. यशवंतराव तिच्याकडे बघत राहिले. पेडल सुटलं की ती मागे यायला हवी.

“दादाराव, सोड म्हटलं ना.”

“सोडला म्हणून राहिलो ना! बहिरा झाला काय?”

दांडी हलली नाही. आधी यशवंतरावांना वाटलं, नवी रबरं अडकली. त्यांनी दांडीवर बोट ठेवलं. बोटाला वरून येणारा जोर लागत होता. रबर असा जोर देत नाही, माणूस देतो. वडीएवढं झिजलेलं बेअरिंग, तुटलेले दात, जळकी प्लेट, हे सगळं त्यांना गाडीखालच्या त्या अंधारात एकदम उमगलं. थोडा वेळ ते तिथेच पडून राहिले. बाहेर आलं की बोलावं लागणार होतं.

शेवटी ते बाहेर आले, हात पुसले आणि ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडला.

“खाली पाह्य.”

दादारावांनी खाली पाहिलं. त्यांचा डावा पाय क्लचवर होता. पेडल तळाला टेकलेलं होतं.

कडुलिंबावर कावळा ओरडत होता. रस्त्यावरून एक ट्रक गेला. दादारावांनी पाय उचलला. बघून उचलला तेव्हा तो नीट उचलला गेला.

“पुन्हा कर,” ते म्हणाले.

“दादाराव—”

“पुन्हा कर म्हणतो ना!”

यशवंतराव पुन्हा खाली गेले. दाब, सोड, दाब, सोड. पायाकडे बघितलं की पाय ऐकत होता. समोर बघितलं की कधी ऐकत होता, कधी नाही. कधी ऐकतो आणि कधी नाही, हे पायाच्या मालकाला कळत नव्हतं. तो सगळा हिशेब खालच्या माणसाला दिसत होता.

यशवंतराव दुसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा त्यांनी हात पुसले नाहीत, तसेच तेलकट ठेवले. “मिरवणुकीत तू पायाकडं पाहाशीन का लोकाईकडं?” त्यांनी विचारलं. “पुढं लेकरं नाचत असतेत गा.”

“मले शिकवून राहिला?” दादारावांचा आवाज चिरकला. “तुह्या गाडीत कोणी कधी बसलं काय रे? तुले काय समजते? स्पॅनर फिरवणारा माणूस तू!”

दादाराव उतरले आणि चाबी खिशात टाकून भर उन्हात पायीच घराकडे निघाले.

सुमनबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं. दादाराव पाणी प्याले, खाटेवर बसले आणि म्हणाले, “यशवंत म्हणून राहिला, माह्या पायात जीव नाई.”

“खरं हाय ते.”

“तुले मालूम होतं?”

“तुमची चप्पल रस्त्यात निघून जाते अन् तुमी तसेच पुढं चालत जाता. मांगून कोण उचलून आणते मंग?”

“मंग बोलली काऊन नाई?”

सुमनबाई सुपातल्या तांदळाशी बोलल्यासारखं बोलल्या. “तुमी त्या गाडीत बसले का तुमचा चेहरा येगळाच होते. घरात तसा नसते तो. मले तो चेहरा पाहाले आवडते, म्हणून नाई बोलली. चुकलंच माहं.”

त्या रात्री दादारावांना झोप लागली नाही, हे सांगायला नको. ते सारखे एकाच गोष्टीचा विचार करत होते. मागच्या चौदा एप्रिलला चढावर गाडी जराशी पुढे उसळली होती. लेझीमवाल्या पोरी किंचाळून बाजूला झाल्या आणि मग हसल्या होत्या. दादारावांनी रस्त्यातल्या खड्ड्याला दोष दिला होता. तिथे खड्डा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजवर गेले. यशवंतराव एका ट्रॅक्टरचा पंप खोलून बसले होते. वर पाहून त्यांनी नुसती बाकाकडे मान हलवली. दादाराव बसले नाहीत. त्यांनी चाबी पुढे केली.

“चौदा तारखेले गाडी तू चालव.”

“मी?” यशवंतरावांच्या हातातला पाना थांबला. “तुमच्या मिरवणुकीत? समितीतले पोरं काय म्हणतीन? प्रतीकले दे ना, घरचा पोरगा हाय.”

“प्रतीकले स्टेअरिंगवरचा गिअर सापडासाठीच दिवाळी येईन.”

“मले सापडते म्हणून का अर्धा क्लच येते? मी काय तुह्यासारखा—”

“येईन. मी शिकवतो.” दादारावांनी घसा साफ केला. “हे पाह्य यशवंत. माह्या घरात बायको बोलली नाई, पुतण्या बोलला नाई, डॉक्टरले मीच बोलू नाई देल्लं. तू बोलला. पुढं लेकरं असतेत, हे तुले माह्या आधी आठवलं. मले तोच माणूस तिथं बसलेला पाहिजे.”

यशवंतरावांनी चाबी घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते. ते लपवण्यासाठी त्यांनी ट्रॅक्टरच्या पंपाला एक सणसणीत शिवी दिली.

मग आठवडाभर सौंसरच्या लोकांनी एक मजा पाहिली. संध्याकाळच्या वेळी बायपासवर पांढरी अँबेसेडर गोगलगायीच्या चालीनं चाललेली असे. आत दोन म्हातारे भांडत असत.

“सोड... सोड... अबे इतका नाई!”

“मंग किती? मापून सांग!”

“मापाचं काम नाई ते. थोडासा धर. आता गाडी थरथरून राहिली का नाई? तिथंच राह्य. तिथंच.”

दादाराव डाव्या बाजूच्या सीटवर बसत. गाडी साहेबांची होती तेव्हाही ते कधी त्या बाजूला बसले नव्हते.

चौदा एप्रिलला ऊन उतरल्यावर मिरवणूक निघाली. यशवंतरावांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि तो निघण्याआधीच घामानं भिजला होता. सुरुवातीला गाडीनं एक हलका झटका खाल्ला. कोणीतरी हसलं. प्रतीकनं काळजीनं काकांकडे पाहिलं. दादाराव म्हणाले, “चालू दे. नवा ड्रायव्हर हाय.” त्यानंतर गाडीनं झटका खाल्ला नाही.

दादाराव पुढे चालले. वस्तीतून निघून बाजारपेठेपर्यंत ते पायी चालले आणि त्यांच्या मागे, हातभर अंतरावर, त्यांची गाडी चालत होती. इंजिनाचा आवाज पाठीवर ऐकू येत होता. पहिल्या गिअरचा सूर स्वच्छ होता. एकदाही त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. वळलो तर काय होईल याची त्यांना खात्री नव्हती.

चौकात बाया हार घालायला पुढे आल्या तेव्हा गाडी थांबली आणि दादारावांना वळावंच लागलं.

इतकी वर्षं त्यांनी या फोटोची पाठ पाहिली होती. प्लायवूडचा तुकडा, चार खिळे, बांधायची तार आणि त्याच्या कडेनं दिसणारी लोकांची डोकी, एवढीच त्यांची मिरवणूक होती. फोटो समोरून कसा दिसतो, त्याच्यामागे त्यांची गाडी कशी दिसते, हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. हारांचा ढीग काचेपर्यंत आला होता. चौकातल्या दिव्यांत बोनेट चमकत होतं. काचेच्या एका कोपऱ्यातून यशवंतरावांचं अर्धं तोंड, मान वाकडी करून, पुढच्या पोरांकडे टक लावून बघत होतं. बघत बघत दादारावांनी हात जोडले. गाडी फार सुंदर दिसत होती आणि त्यांना फार वाईट वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी.

प्रतीक जवळ आला. “मोठे बाबा, बसता का गाडीत? लय चालले तुमी. पाय दुखत असन.”

“दुखला असता तं अजून काय पाहिजे होतं,” दादाराव म्हणाले.

प्रतीकला ते कळलं नाही. लेझीम पुन्हा सुरू झाली. गाडी थरथरली, अर्ध्या क्लचवर येऊन क्षणभर थांबली आणि अलगद हलली. दादाराव बाजूला झाले. त्यांनी हात लांब करून दोन पोरांना मागे सारलं आणि गाडीला वाट करून दिली.