पंचेचाळीसवर अडकलेला खटका

ताईंचं काम दात बनवण्याचं. दवाखान्यांतून तोंडाचे साचे येत. ताई त्यांच्यावर मेण चढवत, एकेक दात बसवत आणि कवळी घासूनपुसून परत धाडत. छत्तीस वर्षांत शेकडो माणसं त्यांच्या दातांनी जेवली, हसली, भांडलीही असतील. त्यातल्या एकाचंही तोंड ताईंनी पाहिलेलं नव्हतं. घरी कोणी नव्हतं. लग्न जमवायला निघालेली माणसं एकेक करून गेली आणि लग्न राहिलं ते राहिलंच. आई गेल्यावर बोलायला भिंती उरल्या. भिंतींना कान असतात म्हणतात, पण तोंड थोडंच असतं!

अशा ताईंना एका दुपारी कामाच्या खोलीत फोन आला. तुम्ही गिटारवाल्यांच्या कन्या ना, असं पलीकडच्या माणसाने विचारलं. हा प्रश्न तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. ताई हो म्हणाल्या आणि खाली बसल्या.

तो जुन्या रेकॉर्डी जमवणारा होता. भंगाराच्या दुकानात फुटक्या इस्त्र्यांच्या ढिगाखाली त्याला बाबांची रेकॉर्ड सापडली होती, बाबांनी उभ्या आयुष्यात काढलेली एकुलती एक. त्याने ती इंटरनेटवर चढवली आणि कुठकुठल्या लोकांनी ती ऐकली. जगातला सर्वात एकटा गिटारवाला, असं म्हणे लोक बाबांना म्हणत होते. आता एक कंपनी ती नव्याने काढणार होती, त्यासाठी घरच्यांची सही हवी होती. घरचे म्हणजे ताई आणि त्यांचे दादा. दादांनी आपल्या गावाहून सही करून कागद धाडलासुद्धा होता.

बाबा दिवसा पडद्यांच्या दुकानात खिडक्यांची मापं घेत आणि संध्याकाळी एका हॉटेलच्या जेवणघरात गिटार वाजवत. लोक जेवत, बाबा वाजवत. कुणी मान वर केलीच तर ती वेटरला बोलवायला. तरी हौसेला मोल नाही. बाबांनी रेकॉर्डच्या दीडशे प्रती काढल्या आणि नातेवाइकांत वाटल्या. नातेवाइकांनी त्यांचं काय केलं ते विचारू नये. एका मावशीकडे ती पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलेली ताईंनी स्वतः पाहिली होती. घरातली शेवटची प्रत घर बदलताना फुटली. बाबा तोवर गेले होते. तेव्हापासून ताईंनी बाबांना ऐकलं नव्हतं.

रविवारी ताई त्या रेकॉर्डवाल्याच्या घरी गेल्या. माणूस पन्नाशीचा, सदऱ्याची दोन बटणं चुकीच्या काजांत घातलेला. चारी भिंतींना रेकॉर्डी, मधे दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर धूळ. ती त्याने आपल्या रुमालाने पुसली. मग रेकॉर्ड कडांना धरून, तापलेलं भांडं उतरवावं तशी जपून लावली.

गिटार वाजू लागली. जड, संथ, एकेक सूर विहिरीतून ओढून काढल्यासारखा. ताई कान देऊन ऐकत होत्या आणि त्यांना त्यातलं काही म्हणजे काही ओळखू येईना. बाबांचा चेहरा आठवत होता, बोटांवरचे घट्टे आठवत होते, आणि हे वाजवणं मात्र परक्या माणसाचं वाटत होतं. आपण बापाला विसरलो, या विचाराने ताईंना रडू फुटलं.

रेकॉर्डवाल्याने त्या अश्रूंचा भलताच अर्थ घेतला. त्याने हळूच सांगितलं की सूर इतके खोल यावेत म्हणून ताईंचे बाबा तारा मुद्दाम सैल ठेवत, त्यावर त्याने एक लांबलचक लेखही लिहिला होता. मग ताईंकडे न बघता म्हणाला की बायको गेली त्या वर्षी तो रोज हेच ऐकत असे. आपल्याहून एकटं कुणीतरी होतं, एवढ्यावर ते वर्ष निघालं.

शेवटचा सूर विरला आणि एक आवाज आला. दमलेला, जाडसर, धड बाईचा नाही की पुरुषाचा नाही. "बाबा, पुरे आता." त्यापाठोपाठ हुंदक्यासारखं काहीतरी, आणि सुई उचलली गेली.

हे त्यांचेच शब्द, रेकॉर्डवाला म्हणाला. वाजवता वाजवता ते आपल्या मेलेल्या वडिलांना हाक मारतात, आणि मग रडतात. नव्या रेकॉर्डवर हेच नाव द्यायचं ठरलं होतं: पुरे आता.

ताईंनी सहीचा कागद पर्समध्ये ठेवला, विचार करून सांगते म्हणाल्या आणि निघाल्या.

सोमवारी त्या कवळी चकचकीत करायला बसल्या. यंत्राला दोन वेग, आधी संथ, मग जलद. ताईंनी नेहमीसारखा खटका वर केला. यंत्राची घरघर एकदम बारीक, वरच्या पट्टीतली झाली आणि ताईंचा हात थांबला.

घरचा रेकॉर्डप्लेअर! त्याचा खटका पंचेचाळीसवर, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या जलद वेगावर, अडकलेला होता. तेहेतीसवर तो कधी आलाच नाही. बाबांनी तेल घातलं, आईने लाटण्याने ठोकलं, तो काही हलला नाही. मोठ्या रेकॉर्डी तेहेतीसच्या संथ वेगावर वाजतात हे जगाला ठाऊक, बाबांनाही ठाऊक. पण आपली रेकॉर्ड आपल्या घरात नीट वाजली पाहिजे म्हणून बाबांनी कारखान्यात हट्टाने मोठीच रेकॉर्ड पंचेचाळीसच्या वेगाची करवून घेतली. एका घरातल्या बिघडलेल्या यंत्रासाठी दीडशे प्रती! आणि कागदी लेबलावर वेग लिहायचा राहिला, कारण घरात दुसरा वेग नव्हताच.

रविवारी ती तेहेतीसवर वाजली, म्हणून सूर जड झाले आणि आवाज जाडसर. म्हणजे तो एकटा, दुःखी गिटारवाला कधी नव्हताच. आणि शेवटी बोलणारा माणूस बाबा नव्हते. ती सहा वर्षांची ताई होती.

त्यांनी दादांना फोन केला. दादा तेव्हा वसतिगृहात होते, त्यांनी यातलं काही पाहिलेलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. जन्मभर कुणी बाबांना विचारलं नाही, आता लोक विचारताहेत. तू मोडता घालू नकोस," ते म्हणाले. ताईंना त्यांचा राग आला नाही. बोलणं खरं होतं. गप्प बसलं तर बाबा जगाला मिळणार होते, फक्त ते बाबा नसणार होते. आणि खरे बाबा कसे होते हे सांगणारी या पृथ्वीवर आता एकच बाई उरली होती, तीही कवळ्या घासणारी.

दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. बुधवारी कामावरून परस्पर त्या रेकॉर्डवाल्याकडे गेल्या.

"पंचेचाळीसवर लावा," ताई म्हणाल्या.

तो हसला, मग त्यांचा चेहरा बघून हसायचा थांबला. असं वाजवलं तर वाट लागेल, म्हणाला. तरी त्याने बटण दाबलं.

आणि बाबा आले. सूर एकामागून एक धावत, मधेच एक गिरकी, मधेच मुद्दाम चुकवलेला ठेका, पडद्याचं माप घेताना गिऱ्हाइकांची चेष्टा करणारे, जिन्यावरून शीळ घालत येणारे बाबा. ताईंचा पाय आपोआप ठेका धरू लागला. रेकॉर्डवाला खाली मान घालून बसला होता. शेवटचा सूर संपला आणि सहा वर्षांच्या पोरीचा कंटाळलेला, चिरका आवाज खोलीत वाजला: "बाबा, पुरे आता." आणि लगेच बाबांचं फस्सकन फुटलेलं हसू.

ताईंनी त्याला सांगितलं. जेवणघर बंद असताना तिथेच ध्वनिमुद्रण झालं, आतून स्वयंपाकाचे वास येत होते आणि छोट्या ताईला भूक लागली होती. तंत्रज्ञ शेवट कापायला निघाला तेव्हा बाबा म्हणाले, राहू दे, तिचीपण रेकॉर्ड झाली.

"मी चार वर्षं या माणसाबरोबर रडलोय, ताई. आणि तो हसत होता," रेकॉर्डवाला म्हणाला. "तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलंही नसतं."

"माझे बाबा असे नव्हते हो," ताई म्हणाल्या.

त्याने मान हलवली. सहीच्या कागदावरचं नव्या रेकॉर्डचं नाव खोडलं आणि कडेला स्वतःच्या हाताने वेग पंचेचाळीस असं लिहिलं. कंपनी आता घेईल की नाही सांगता येत नाही, म्हणाला. आनंदी गिटारवाले पैशाला पासरी मिळतात. ताईंनी सही केली. आपले बाबा परत मिळवताना आपण या माणसाचं ते आपल्याहून एकटं कुणीतरी नेलं, हे त्यांना कळत होतं आणि त्याचं वाईट वाटत होतं. जिना उतरताना वरून गिटार ऐकू आली. तो पुन्हा संथ वेगावर ऐकत होता.

घरी येऊन ताईंनी दिवा लावला, जेवण गरम केलं आणि ताट वाढून घेतलं. भूक सपाटून लागली होती. पहिला घास उचलला आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं. गंमत म्हणून, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून त्या मोठ्याने म्हणाल्या, "बाबा, पुरे आता."

आवाज निघाला तो दमलेला, जाडसर, धड बाईचा नाही की पुरुषाचा नाही. रविवारी तेहेतीसच्या वेगावर ऐकलेला, हुबेहूब तोच.

ताई घास हातात धरून थोडा वेळ थांबल्या. हसलं कुणीच नाही. मग त्या जेवू लागल्या.