केळीबाग म्हणू नका मला

मी एक जुनं धोतर आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या आणि मग मुकाट्याने ऐका. जळगावच्या एका सभागृहाच्या भिंतीवर मी खिळ्यांनी ठोकलेला आहे. माझ्याखाली पाटी आहे, 'केळीबाग'. मित्रांनो, ती पाटी धादांत खोटी आहे. ती वाचून कुणी "वा, काय बाग उतरवली आहे" म्हणालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

यावलच्या लोटन आबांनी मला बाजारातून विकत घेतलं. आधी लग्नकार्यात मिरवलं, मग विरलो तसं केळी कापायला नेसलं. घड कापताना अंगावर चीक येतोच. तो दिसतो पाण्यासारखा, पण कपड्यावर वाळला की तांबूस होतो, पुढे काळा पडतो आणि धोब्याच्या बापाला निघत नाही.

मी पार फाटलो तेव्हा आबांची सून शेवंताबाई हिने मला उचललं. घरच्यांना वाटलं, पोतेरं करील. पण ही बाई चिकाने चित्रं काढायची. केळीचं पान तोडायचं आणि दांड्याचं ओलं टोक कापडावर ओढत न्यायचं. चिकाला रंग नसल्यामुळे आपण काय काढतोय ते तिलाही दिसायचं नाही. हात नेईल तिकडे जायचं. मग कापड गोठ्यात टांगायचं, आणि रंग चढला की समोर उभं राहून त्याचं नाव शोधायचं. एका पोत्याचं नाव होतं 'दुपारची कुरकुर', एका लुगड्याचं 'आता काय'. त्यांत ना बाग, ना बैल, ना देव.

अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात ती शेतातून घरी आली, तर ओसरीवर पेढे वाटणं चाललं होतं. तिच्या मंजुळाचं लग्न शिरपूरला ठरलं होतं. पोर नववीत, शाळेत हुशार. आता शाळा बंद. आईला ही बातमी कळली ती हातावर पेढा ठेवल्यावर. शेवंताबाईने पेढा ओसरीवरच ठेवला. तशीच बागेत परतली आणि माझ्यावर असे दांडे ओढले की मी आणखी फाटलो.

रंग चढला तेव्हा नणंद भिकुबाई आली. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते ना, तसं या चित्रांना नाव सांगायचा मान भिकुबाईचा.

"काय नाव सांगू वं वहिनी याले?"

शेवंताबाई म्हणाली, "मले कोनी इचारलं नही."

भिकुबाई एरवी खूप हसायची. त्या दिवशी हसली नाही. माझ्या काठाशी तोंड आणून तिने ते तसंच्या तसं सांगितलं. मित्रांनो, हे माझं नाव आहे.

शेवंताबाईचा दीर चुडामण मोठा हौशी. जळगावला याच सभागृहात शेतकी प्रदर्शन लागलं, तसं "आमच्या वहिनीची कला" म्हणत त्याने मला गोठ्यातून उतरवून नेलं. तिला विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको. तिथल्या अध्यक्षांनी मला उलटं टांगलं आणि विचारलं, "यात आहे काय?"

चुडामण गांगरला. "केळीचा चीक आहे, साहेब."

"मग केळीबाग लिहा. लोकांना कळलं पाहिजे."

गाढवाला गुळाची चव काय. एका बाईचा सगळा संताप उलटा टांगून त्यांनी त्याची बाग केली, आणि वर पहिलं बक्षीस दिलं, फवारणीचा पंप.

बक्षिसाच्या दिवशी शेवंताबाईला आणलं. तिने पाटी वाचली आणि अध्यक्षांना खरं नाव सांगितलं. ते म्हणाले, "अहो अक्का, हे काय नाव झालं? पंप घ्या आणि मोकळ्या व्हा."

मग माइकवरून पुकारा झाला, "केळीबाग, शेवंताबाई." ती उठली नाही. पुन्हा पुकारा झाला. चुडामण दटावू लागला, "वहिनी, उठा ना. लोक पाहून राह्यले."

ती जागेवरच उभी राहिली. "केळीबाग माझी नही. ज्याची असंल त्याले द्या." आणि पदर सावरून निघून गेली.

मला तिचाही भयंकर राग आला. नाव राखलं, पण मला टाकलं. पंप दुसऱ्या कुणाला गेला आणि मी बेवारशी ठरलो. बेवारशी वस्तू भिंतीवर ठोकायला कुणाची परवानगी लागत नाही.

थोड्या दिवसांनी चुडामण अध्यक्षांची माफी मागायला आला. "साहेब, पंप गेला तो गेला," तो म्हणाला, "पन वहिनी घरी गेली आन् बठ्ठ्या घरच्यांसमोर पोरीले इचारत बसली, तुले लगन करनं आहे का शाळा? पोरगी म्हने शाळा. शिरपूरवाल्यांचा नारळ परत धाडा लागला."

त्या दिवशी शेवंताबाईवरचा माझा राग गेला. पाटीवरचा गेलेला नाही आणि जाणारही नाही. मित्रांनो, माझ्यासमोर आलात तर ती पाटी वाचू नका, आणि मान वाकडी करून बागही शोधू नका. चित्र काढणारं माणूस कुठेतरी राहत असतं. यावलची एसटी रोज सुटते. जा आणि तिला विचारा.