अण्णांचं नाक

नळदुर्गच्या हायवेवर वैजनाथ मिस्त्रींच्या नाकाचा लई बोलबाला होता. गाडी आली की ते बॉनेट उघडायच्या आधी सायलेन्सरमागं उकिडवे बसायचे, धुराचा वास घ्यायचे आणि तिथंच दुखणं सांगायचे. त्यांना अण्णा म्हणणारी त्यांची दहावीतली लेक राजनंदिनी आता गाडीचा बिघाड दाखवणारा स्कॅनर चालवायला शिकली होती. तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

रविवारी तिच्याच शाळेतल्या शिवानंद गुरुजींची कार परत आली. अण्णांनी गाडीतला पेट्रोलचा पंप बदलूनसुद्धा अ‍ॅव्हरेज पडलेलंच होतं.

"मिस्त्री, गाडी पेट्रोल पिती का आंघोळ करती?" गुरुजी म्हणाले.

राजनंदिनीनं स्कॅनर लावला. सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर सांगत होता, पेट्रोल कमी पडतंय. म्हणून इंजिन आणखी ओतत होतं.

अण्णांनी मागं बसून वास घेतला. "सेन्सर खरं बोलतोय. पेट्रोलचा वास न्हाय. नळी तुंबली आसंल."

ती चार हात लांब उभी होती, तरी पेट्रोलच्या भपक्यानं तिचे डोळे चुरचुरत होते. आधी वायर, मग सेन्सर, हे अण्णांनीच शिकवलेलं. वायर धड होती. तिनं रेस दिली. चांगला सेन्सर असता तर स्कॅनरवरचा आकडा खालीवर नाचला असता, हा ढिम्म.

"सेन्सर मेलाय अण्णा," गुरुजींना ऐकू जाईल अशा तोऱ्यात ती म्हणाली. "आन् एवढा भपका मारतोय, तुमाला कसा कळंना?"

"नाक गहाण ठेवलं का काय मिस्त्री?" गुरुजी हसले.

अण्णा हसले नाहीत. पाइपात बोट फिरवून त्यांनी काजळी काढली आणि ते बोट नाकाशी धरून तसेच बसून राहिले.

तेव्हा तिला सकाळचं दूध आठवलं. शेगडीजवळ अण्णा बसलेले असताना करपलं होतं. आई कावली, "ध्यान कुठं असतंय?" तेव्हा कुठं त्यांनी पातेलं उतरवलं होतं.

गुरुजी चहाला गेल्यावर तिनं विचारलं, "कवापास्नं?"

"दिवाळीत ताप आल्ता ना, तवापास्नं. म्हटलं, येईल परत."

तिला वाटलं, आपली जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सोलापूरहून सेन्सर आला. बसवून गाडी चालू केल्यावर अण्णा सायलेन्सरकडं निघाले, अर्ध्यात थांबले.

"तू बस मागं."

ती उकिडवी बसली. "चांगला वास येतोय अण्णा."

"चांगला म्हंजी कसा?"

तिनं पुन्हा हुंगून पाहिलं. "गरम. नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडासारखा."

अण्णांनी डोळे मिटले. "आनखी सांग," ते म्हणाले.