फुल सेंटेन्स

भिसेगावातल्या छायाच्या घरी सकाळचा डबा सहजासहजी हातात पडत नसे. पोळीभाजी भरून, झाकण लावून, फडक्यानं पुसून छाया तो डबा घट्ट धरून उभी राहायची आणि चौथीतल्या रियाकडं बघायची. रियानं तो इंग्रजीतून मागायचा. नुसतं ‘टिफिन’ म्हणून भागत नसे.

“फुल सेंटेन्स बोल गं,” छाया म्हणाली.

“मम्मी, प्लीज गिव्ह मी माय टिफिन.”

“आता कसं! आणि पाणी?”

पाण्याचंही तसंच होतं. वाक्य पूर्ण होईपर्यंत पेला आईच्या हातात आणि तहान पोरीच्या घशात. छाया स्वतः दहावी झालेली, तीही इंग्रजीत काठावर. रियाचं वाक्य बरोबर की चूक हे तिला कळत नसे. लांब असलं की ती खूश व्हायची. घरात इंग्रजीचं वातावरण ठेवा, असं शाळेनं पालकांना सांगितलं होतं आणि छायानं ते उपासासारखं पाळलं होतं.

हसू नका. तिचा नवरा मनोज मोहोपाड्याच्या एका कारखान्यात कामाला होता. त्यानं हाताला धरून शिकवलेली पोरं त्याच्याच डोक्यावर सुपरवायझर होऊन बसली, कारण बाहेरून साहेब आले की मनोजचं तोंड उघडत नसे. “आपलं झालं ते झालं, पोरांचं नको असं व्हायला,” तो म्हणायचा. यात खोटं काय होतं? इंग्रजी पाहिजे होतं, आणि आजही पाहिजे. लाज वाटावी ती आपण ते ज्या रीतीनं मागतो त्याची.

पूर्वी रिया भारी बोलकी होती. कोंबडीनं अंडं दिलं तरी सगळ्या आळीला सांगून यायची. गेल्या वर्षभरात ती गप्प झाली. छाया शेजारच्या रूपालीला कौतुकानं सांगे, “आमची रिया कशी डिसेंट झालीय बघ. बडबड नाय का काय नाय.” पोर गप्प झालं की सुधारलं, असं समजणारी छाया काही एकटी नव्हे.

रियाच्या वर्गातल्या मुलांनी इंग्रजीच्या तासाला तग धरण्याच्या आपापल्या युक्त्या काढल्या होत्या. कुणी सगळ्यांच्या सुरात ओरडायचं आणि एकट्यावर पाळी आली की खोकायचं. कुणी गाइडमधली उत्तरं पाठ करायचं, अर्थाच्या फंदात न पडता. रियाची युक्ती अशी की वाक्य आधी मनात पुरं जुळवायचं, पुन्हा तपासायचं आणि मगच तोंड उघडायचं. तोवर बाई पुढच्या मुलाकडं गेलेल्या असायच्या. त्यामुळं ती सहसा चुकत नसे, आणि सहसा बोलतही नसे.

आणखी एक रीत मुलांनीच पाडली होती. ज्याच्या तोंडून मराठी शब्द निघेल तो ‘आउट’. त्या दिवसापुरतं त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, डबा वाटून खायचा नाही, खेळायला घ्यायचं नाही. शिक्षकांना हे ठाऊक होतं आणि ती त्यांना शिस्त वाटत होती. गावकीनं एखादं घर वाळीत टाकलं की आपण पेपर वाचून हळहळतो, चार शिव्या हासडतो. इथं आपलीच लेकरं रोज एकमेकांना वाळीत टाकत होती आणि आपण त्यांचे गणवेश इस्त्री करून देत होतो.

एप्रिल होता. शाळेचं नवीन वर्ष नुकतंच सुरू झालं होतं आणि रियाचा धाकटा भाऊ रुद्र ज्युनियर केजीत जाऊ लागला होता. त्या दिवशी प्रार्थनेनंतर रियाला ‘माय व्हिलेज’वर बोलायचं होतं. डबा घेताना, बूट घालताना, व्हॅनमध्ये चढताना तिचे ओठ हलतच होते.

“रुद्रचा हात सोडू नको,” छायानं रोजच्यासारखं बजावलं. रुद्रची पाण्याची बाटली तिनं रियाच्या दप्तरात कोंबली, कारण तो ती कुठंही विसरायचा.

मुलांना चढवणारी-उतरवणारी मावशी त्या दिवशी लग्नाला गेली होती. रुद्र मागच्या सीटवर जाऊन आडवा झाला आणि गाडी फाट्यावर यायच्या आत झोपून गेला. रिया पुढं बसून पुटपुटत होती. शाळा आली, मुलं उतरली, रियाही उतरली. गावाची नदी, गावचं देऊळ, गावचे लोक, सगळं इंग्रजीतून ओळीनं तिच्या ओठांवर होतं. भावाचा हात तेवढा हातात नव्हता. चालक धाकलूनं मागं वळून पाहिलं नाही. दार ओढून घेतलं, गाडी शाळेमागच्या उघड्या मैदानात लावली आणि तो चहाला गेला.

रिया एकदाही न अडखळता बोलली. टाळ्या वाजल्या. प्राचार्यबाई “व्हेरी गुड” म्हणाल्या. वर्गात येऊन तिनं वही काढायला दप्तर उघडलं, तर हाताला रुद्रची बाटली लागली.

ती ताडकन उभी राहिली. “मिस!”

वर्गशिक्षिका श्रद्धाबाई खालापूरकडच्या एका खेड्यातल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून, मोठ्या कष्टानं इथवर पोचलेल्या. त्यांनाही रोजची वाक्यं आदल्या संध्याकाळी जुळवून ठेवावी लागत. त्यात प्राचार्यबाई व्हरांड्यातून फेरी मारत होत्या.

“येस, रिया?”

“मिस, माय ब्रदर…”

“येस? युअर ब्रदर?”

“माय ब्रदर… व्हॅन…”

वर्ग खुदखुदला. सकाळी एवढं फाडफाड बोललेली पोरगी आता अडखळत होती.

“फुल सेंटेन्स, रिया,” श्रद्धाबाई म्हणाल्या. “सिट डाऊन, थिंक, देन टेल मी.”

त्या हे रागानं म्हणाल्या नाहीत. मुलीला शिकवायचं म्हणून, मायेनंच म्हणाल्या.

रिया बसली. वाक्य जुळवू लागली. रोज हाताशी येणारे शब्द आज पळत होते. ती शेजारच्या जागृतीच्या कानाला लागली, तर जागृतीनं ओठांवर बोट ठेवून डोळे मोठे केले. मराठी बोललीस तर आउट. रिया पुन्हा उभी राहिली, पुन्हा “ब्रदर” म्हणाली आणि रडू लागली. श्रद्धाबाईंना वाटलं, सकाळच्या भाषणाचा ताण उतरतोय. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि धडा पुढं सुरू केला.

बाहेर पत्रे तापले होते. व्हॅनच्या काचा बंद होत्या.

शेवटी रियाला एक तयार वाक्य आठवलं. पहिलीपासून पाठ असलेलं, कधीही न चुकणारं. “मिस, मे आय गो टू टॉयलेट?” परवानगी लगेच मिळाली. ती मैदानाकडं धावत सुटली.

धाकलू विसरलेला मोबाइल घ्यायला परत आला होता. काळ्या काचेवर आतून टेकलेला एक छोटा तळहात त्याला दिसला. दाराची किल्लीही तो चहाच्या टपरीवरच विसरून आला होता. त्यानं दगडानं काच फोडली आणि रुद्रला बाहेर ओढलं. पोर घामानं निथळत होतं, मान एका बाजूला पडली होती. रिया मैदानाच्या फाटकाशी उभी राहून हे पाहत होती. तिनं हाक मारली नाही. त्या क्षणानंतर ती कुणाशी एक शब्दही बोलली नाही.

रुद्रला आधी कर्जतला आणि मग पनवेलला नेलं. तो वाचला. घरी आला तो दाराला कडी लावू देईना. रियाला मनोजनं समजावलं, छायानं दटावलं, मग पोटाशी धरलं. ती मान हलवायची, डोळे पुसायची. तोंडातून शब्द येत नसे.

शाळेनं पालकांची सभा बोलावली. प्राचार्यबाई इंग्रजीतून बोलल्या. झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे, चालकाला काढून टाकलं आहे, विषय संपला आहे, असा त्याचा अर्थ होता. मग त्यांनी विचारलं, “एनी क्वेश्चन्स?”

मनोजला प्रश्न होता. आपल्या पोरीला भाऊ आठवला कसा नाही, आणि आठवला असेल तर कुणी ऐकलं कसं नाही? तो मनात वाक्य जुळवू लागला. लेकीची युक्ती कुणावर गेली होती ते इथं कळत होतं. त्याच्या आजूबाजूला साऱ्या खोलीत खालमानेनं बसलेली माणसं होती आणि जो तो आपलं वाक्य जुळवत होता. प्राचार्यबाई “थँक यू” म्हणून उठू लागल्या.

“थांबा,” छाया उभी राहिली. “मला इचारायचंय.”

“मॅडम, इंग्लिश प्लीज. इट्स अ रूल.”

मागं कुणीतरी हसलं.

“मला नाय येत,” छाया म्हणाली. “आणि शिकंपर्यंत मी थांबणार नाय. माझी पोर भावाला इसरली, कबूल. पण तिला आठवलं कधी? तिनं कुणाला सांगितलं नाय का? त्या दिवसापासून पोर बोलत नाय हो. कुणीतरी मला सांगा.”

मग भिंतीलगत उभ्या असलेल्या श्रद्धाबाई एक पाऊल पुढं आल्या. त्यांची भाषा आता त्यांच्या गावची होती.

“तिनं मला सांगितलं व्हतं, ताई. दोनदा उभी राहिली. ब्रदर म्हणाली, व्हॅन म्हणाली. मराठी बोललं की बाकीची पोरं वाळीत टाकतात, म्हणून पुढं तिचं तोंड उघडंना. मी मराठीत एक शब्द इचारला असता तर… मॅडम बाहेर फिरत व्हत्या. मी घाबरले. मी तिला म्हटलं, फुल सेंटेन्स बोल.”

छाया त्यांच्यावर तुटून पडायच्या तयारीनंच आली होती. पण ते शेवटचे शब्द ऐकले आणि ती थबकली. ते शब्द तिच्याच स्वयंपाकघरातले होते. हातात पेला धरून, तोंड सुकलेल्या पोरीसमोर, ती ते रोज म्हणत होती. शरमेनं तिला खाली बसावंसं वाटलं. ती बसली नाही.

“तुमी वर्गात अडवलंत, मी घरात अडवत व्हते,” ती म्हणाली. “पाणी हातात धरून अडवत व्हते. माझीच मला लाज वाटते. इंग्लिश शिकवा, आमाला पायजेच हाय. पण पोरांची तोंडं बांधून नको. पोर मराठी बोललं म्हणून त्याला वाळीत टाकायचं हे आजपास्नं बंद. आणि धाकलूदादाची चूक हाय, पण काच त्यानंच फोडली. सगळं त्याच्या माथी मारून मोकळं व्हायचं, हे मला मान्य नाय.”

टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत. काही जण मोबाइलमध्ये बघत राहिले. रूपाली पदराचं टोक पिळत बसली. मनोज मात्र उठून छायाशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, “माझा पण ह्योच सवाल हाय.” त्यापुढं त्याला काही सुचेना, पण तो खाली बसला नाही. प्राचार्यबाई पुन्हा खुर्चीत बसल्या. सभा संपायची होती ती तिथून सुरू झाली.

घरी आल्या आल्या छाया स्वयंपाकघरात गेली. रुद्र ओट्याखाली डब्यांची झाकणं वाजवत बसला होता. रिया माठापाशी उभी होती. छायानं पेला भरला आणि पुढं केला.

“घे गं.”

रियानं हात पुढं केला नाही. ती पेल्याकडं बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. छायाला कळलं. पोर वाक्य जुळवत होती. आई पाणी देतेय आणि ते घेण्याआधी पोर परीक्षा द्यायच्या तयारीत होती. छायानं खाली बसून पेला तिच्या हातात दिला आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

“प्यायचं. काय बोलायचं नाय. पाणी हाय ते, तुझंच हाय.”

रिया पाणी प्यायली. तिनं पेला खाली ठेवला. आईच्या तोंडाकडं बघितलं. मग फार हळू, जणू बाहेर कुणी ऐकत असेल अशा बेतानं, तिनं विचारलं,

“आई, मराठीत सांगू?”

छायानं मानेनंच हो म्हटलं.

“बाई,” वर्गात उभी असल्यासारखी रिया म्हणाली, “रुद्र गाडीत झोपलाय.”