पडद्यामागच्या भगिनीचा सत्कार

ज्योतीराम सरांना सत्काराचा भारी सोस. त्यांच्या संस्थेत नळ दुरुस्त करायला माणूस आला तरी जाताना त्याच्या हातात नारळ पडतो. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढं मी त्यांना बरंच बोलणार आहे, आणि तुम्हाला वाटायचं, ही बाई कृतघ्न आहे.

मी पूनम. राहायला काळेवाडीत, कामाला चाकणला. मोटारीच्या सीटखाली जाणाऱ्या वायरी जोडायच्या, शिफ्टभर उभ्यानं, कॉन्ट्रॅक्टवर. नवरा टेम्पो चालवायचा. तो गेला आणि जाताना मला एचआयव्ही देऊन गेला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळतात, न चुकता घेते, ठणठणीत आहे. ओव्हरटाइम मागून घेते. पण लाइनवर कुणाला म्हणजे कुणाला माहीत नव्हतं. आधीच्या कंपनीत भरतीच्या वेळी न विचारता रक्त काढलं होतं, आणि थोड्याच दिवसांत 'उद्यापासून येऊ नको' म्हणाले. का ते सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, मी बाहेर पडताना गेटवरचा वॉचमनसुद्धा भिंतीला चिकटून उभा राहिला. तेव्हापासून एकच गोष्ट जिवापाड जपली. माझं नाव आणि तो आजार, दोन्ही एका दमात कुणाच्या तोंडी यायला नकोत. नाव फुटलं की काम गेलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आम्रपाली ताई भेटल्या त्या गोळ्यांच्या रांगेत. त्या ज्योतीराम सरांच्या संस्थेत काम करतात. बोलायला फटकळ, चालायला तरतरीत, स्कूटरवर सगळं चाकण पालथं घालणारी बाई. त्यांचं काम मला आधी कळायचंच नाही. मग एकदा त्यांनी नीट समजावलं.

"हे बघ पूनम, सरकारनं कायदा करून शब्द दिलाय. विचारल्याशिवाय तपासणी नाही, आजारावरून कामावरून काढायचं नाही, नाव फोडायचं नाही, आणि शंभर किंवा जास्त माणसं असतील त्या कंपनीत तक्रार ऐकायला एक अधिकारी नेमायचा. शब्द दिल्लीत दिला. तो चाकणच्या गेटच्या आत पोचला का, एवढंच आपण बघायचं आणि वर कळवायचं."

"आणि नसला पोचला तर?"

"तर भांडायचं!"

आणि भांडायच्या हो. कंपनीच्या दारात जाऊन विचारायच्या, "तुमचा तक्रार अधिकारी कोण?" समोरचा साहेब आधी घसा खाकरायचा, मग म्हणायचा, आमच्या रोलवर शंभर माणसं नाहीत, बाकी सगळी कॉन्ट्रॅक्टरची, आम्हाला ते लागू नाही. ताई त्या साहेबांच्या नकला करून दाखवायच्या, मान वाकडी करून. "लागू नाही! हे दोन शब्द ऐकले ना पूनम, की माझं टाळकंच फिरतं." मी हसून हसून बेजार व्हायचे. माझ्या आयुष्यात तेव्हा दोनच जणी हसवणाऱ्या, एक ताई आणि एक लाइनवरची वर्षाली. वर्षाली माझ्या शेजारी उभी राहायची. कंपनीच्या बसमध्ये माझ्यासाठी बॅग ठेवून जागा धरायची आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी आधी संपवायची.

तर झालं असं, की दिल्लीहून एक मॅडम येणार होत्या. कुठं कुठं शब्द पाळला गेला नाही ते लोकांच्या तोंडून ऐकायला. संस्थेनं काळेवाडीतच एक हॉल घेतला. ताई म्हणाल्या, "आधीच्या कंपनीतलं तू सांग. तुझ्याइतकं स्पष्ट कुणी सांगणार नाही." मी म्हटलं, जमणार नाही, मरेन मी. मग त्यांनीच तोड काढली. स्टेजच्या कडेला पडदा लावायचा, मी मागून बोलायचं. नाव नाही, चेहरा नाही. "माझी जबाबदारी," म्हणाल्या, आणि माझा हात घट्ट धरला.

पडदा म्हणजे काय, मोठाल्या गुलाबांची डबल बेडची चादर. मी स्कार्फ बांधूनच हॉलमध्ये शिरले. आपल्याकडं गाडीवरची प्रत्येक मुलगी डोळे सोडून सगळं तोंड बांधते, त्यामुळं कुणी वळून पाहिलं नाही. थेट चादरीमागं जाऊन बसले. आत उकडत होतं, स्कार्फ काढून मांडीवर ठेवला. आणि बोलले. रक्त कसं काढलं ते, वॉचमन कसा सरकला ते, सगळं. सुरुवातीला आवाज फुटेना, मग थांबेना. बोलून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की मी तिथं बसल्या बसल्या रडले.

इथंच कार्यक्रम संपला असता तर! पण आभार मानायला उठले ज्योतीराम सर. त्यांनी आधी रुमालानं डोळे पुसले, खोटं नाही सांगत, खरंच पुसले. म्हणाले, "आज इतक्या वर्षांत मी असं धाडस पाहिलं नाही. या भगिनीचा सत्कार केल्याशिवाय हा कार्यक्रम संपणं हे आपल्या सगळ्यांना लाजिरवाणं आहे. पूनमताई, या! या पुढं! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

आणि टाळ्या झाल्या.

आता मला सांगा, मी का उठले? हाच प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. आपल्याकडं माइकवरून नाव पुकारलं की माणूस उठतोच, पाय आपोआप चालायला लागतात, हे झालं एक. पण खरं तेवढंच नाही. खरं हे, की मला बरं वाटलं. माझ्या लग्नातसुद्धा माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. अख्खा हॉल वाजवतोय, माझ्यासाठी, आणि त्या अर्ध्या मिनिटाला मी वायरी जोडणारी बाई नव्हते, कुणीतरी होते. मी चादर बाजूला सारली आणि उघड्या तोंडानं स्टेजवर गेले. आजाराची लाज माझी कधीच सुटली होती. ही लाज नवी होती, आणि ही अजून सुटत नाही.

स्टेजवर तबक धरून आम्रपाली ताई उभ्या होत्या. मला बघून त्यांचं तोंड पांढरं पडलं. त्यांना कळलं होतं, एका क्षणात सगळं कळलं होतं. पण दिल्लीच्या मॅडमनी शालीसाठी हात पुढं केला आणि ताईंनी तबक पुढं केलं. अहो, तबक हातात असलं की पुढंच केलं जातं. मॅडमनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटो निघाला. माझ्या डोक्यामागं बॅनर, त्यावर एचआयव्ही ही अक्षरं माझ्या तोंडाएवढी मोठी. तेव्हा कुठं मी भानावर आले. स्कार्फ चादरीमागंच राहिला होता. मी ती शालच तोंडाभोवती गुंडाळली आणि जिना उतरून पळाले.

ताई पाठोपाठ घरी आल्या. "फोटो कुठं जाणार नाही, मी बघते," म्हणाल्या. पण तोवर सरांनी तो स्टेटसला ठेवला होता आणि गल्लीतल्या मंडळाच्या ग्रुपवरही टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'आमची धाडसी भगिनी पूनमताई'. वर्षालीचा दीर त्याच मंडळात.

सोमवारी बसमध्ये चढले तर वर्षालीच्या शेजारच्या सीटवर बॅग होती. नेहमी मला बघून ती बॅग उचलते. त्या दिवशी ती खिडकीबाहेर बघत राहिली. जेवणाच्या सुट्टीत मी चटणीचा डबा तिच्याकडं सरकवला.

"आज उपवास आहे गं," ती म्हणाली.

"कसला?"

"असाच. नवस होता."

दुपारच्या चहाला मी कँटीनच्या दारात गेले तर ती आत वडापाव खात होती. माझ्याकडं बघून तिचा घास तोंडातच राहिला. बया, मला तिचा राग यायला हवा होता ना? नाही आला. माझ्यामुळं त्या बिचारीला खोटं बोलावं लागलं, याचीच मला लाज वाटली. मी चहा न घेताच मागं फिरले, तिला नीट खाता यावं म्हणून.

शिफ्ट संपताना सुपरवायझर आला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "पूनम, उद्यापासून तुझा गेटपास बंद. काम कमी झालंय." माझ्याच जागेवर एका नव्या मुलीला वायरी कशा जोडायच्या ते शिकवणं चालू होतं.

दुसऱ्या दिवशी ताई मला स्कूटरवर बसवून कंपनीत घेऊन गेल्या. एचआरचा साहेब तरुण होता, शांत. ताई नेहमीसारख्या सुरू झाल्या. कायदा काय म्हणतो, सरकारनं काय शब्द दिलाय, तुमचा तक्रार अधिकारी कोण?

"मॅडम, आमच्या रोलवर शंभर माणसं नाहीत," तो म्हणाला. "या कॉन्ट्रॅक्टरकडच्या. आम्हाला ते लागू नाही."

"लागू कसं नाही? आजार कळला म्हणून तुम्ही तिला काढलंत. तिचं नाव तुमच्याकडं कुणी फोडलं ते सांगा आधी!"

त्यानं मोबाइल काढला आणि टेबलावरून आमच्याकडं सरकवला. मी, शाल, नारळ. बाजूला तबक धरलेल्या आम्रपाली ताई. "आम्ही कुठं फोडलं, मॅडम?" तो अगदी नम्रपणे म्हणाला. "शाल तर तुम्हीच घातली."

भांडायला आलेल्या ताईंनी तो मोबाइल टेबलावर उलटा करून ठेवला. साहेबानं पाणी मागवलं. ते न पिताच आम्ही उठलो.

बाहेर कांद्याच्या ट्रकांची रांग लागली होती. ताई स्कूटरपाशी येऊन नुसत्या उभ्या राहिल्या, किल्ली हातात. मला त्यांना टोचायचं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं म्हणून मी विचारलं, "ताई, कंपनीची तक्रार तुम्ही वर कळवाल. पण आपल्या हॉलात जे झालं, त्याची कुणाकडं करायची? आपल्या संस्थेत तक्रार अधिकारी कोण?"

"आपली संस्था केवढीशी, पूनम," त्या लगेच म्हणाल्या. "दहा-बारा माणसं. आपल्याला ते लागू ना..."

आणि थांबल्या. मान तशीच वाकडी राहिली होती, नकला करताना करायच्या तशी. या खेपेला मला हसू आलं नाही. त्यांनी खाली बघितलं.

"काहीतरी बोल गं," त्या शेवटी म्हणाल्या. "शिव्या दे मला."

मी काय शिव्या देणार? तबक त्यांनी धरलं, पण स्टेजवर मी माझ्या पायांनी गेले होते. मी म्हटलं, "चला ताई, ऊन वाढलंय."

त्यांनी डिकीतून स्कार्फ काढला आणि तोंडाभोवती गुंडाळला, गुंडाळतच राहिल्या, डोळे तेवढे उरले. मग डिकीतून दुसरा काढला. माझाच होता, हॉलमध्ये चादरीमागं राहिलेला. त्यांनी तो धुऊन, घडी करून आणला होता.

"बांध," त्या स्कार्फच्या आतून म्हणाल्या. "धूळ फार आहे."

समोरून शिफ्टची बस येत होती. खिडकीत ओळखीची तोंडं दिसायला लागली होती.

"आता कशाला, ताई?" मी म्हटलं, आणि उघड्या तोंडानं त्यांच्या मागं बसले.