सोड आणि ओढ

झाडावर काम करताना 'सोड' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, हा नियम दाजींचाच. वाऱ्यात 'सोड' आणि 'ओढ' सारखेच ऐकू येतात, आणि त्या गोंधळात त्यांच्या एका जुन्या जोडीदाराचा पाय गेला होता. म्हणून सैल करायचं तर 'ढिला' म्हणायचं. आणि शब्द नीट कळला नाही, तर हात असेल तिथेच ठेवायचा. नियम सोन्यासारखा होता. माणूस मात्र हलकट होता.

बहिणीचा नवरा म्हणून खारू त्यांना अहोजाहो करायचा. खारू हे टोपणनाव, सरसर झाडावर चढतो म्हणून पडलेलं. दाजी त्याला "ए साल्या" अशी हाक मारायचे, आणि वर "शिवी नाही रे, नातं आहे" म्हणत स्वतःच खोखो हसायचे.

त्या रविवारी सकाळी खारू त्यांना घ्यायला गेला, तेव्हा दार ताईने उघडलं. इतक्या उकाड्यात गळ्याला मफलर.

"जिन्यावरून पडले," त्याने विचारायच्या आधीच ती म्हणाली.

मफलर जरासा सरकला. जिन्यावरून पडून गळ्याभोवती वळ उठत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. खारूला त्याहून जास्त कळलं. करंगळीएवढी जाडी, तिरका पीळ. ती दोरी तो रोज हाताळत होता. ती त्यांच्याच कामाच्या पिशवीतली होती.

आतून दाजींच्या बुटांचा आवाज आला. ताई घाईने पुटपुटली, "पुढच्या वेळी मी वाचणार नाही रे."

काम एका बंद शाळेच्या आवारात होतं. जुनं झाड बुंध्यापासून दोन फाट्यांत वाढलेलं, आणि जोडावर मधोमध उभी चीर गेलेली. वर दोन्ही फाट्यांमध्ये पोलादी दोर बांधून तो हातविंचने आवळायचा, दांडा दाबावा तसा चाकाचा एकेक दात, म्हणजे खालची चीर मिटते. मग आरपार सळई घालून बोल्ट कसायचे. खारू वर विंचपाशी. दाजी खाली शिडीवर, चिरेसमोर. चौकीदार फाटकाला कुलूप लावून चहाला गेलेला. वारा सुटला होता.

चीर जेमतेम हात जाईल एवढी उरली, तेव्हा दाजींनी आत उजवा हात घातला. "कुजकं लाकूड अडकलंय. एक दात ढिला कर!"

खारूला स्वच्छ ऐकू आलं. दांडा खाली दाबला गेला. गेला कसला, त्यानेच दाबला.

चिरेतून आधी लाकडाचा आवाज आला, मग हाडांचा. दाजी गुरासारखे ओरडले. मनगटावरून रक्त सालीवर वाहू लागलं. शिडी पायांखालून घसरून पडली, आणि ते त्या एका हातावर लटकले.

"सोड! अरे सोड!"

"काय? ओढ?" खारूने विचारलं, आणि आणखी एक दात ओढला.

त्याला बरं वाटत होतं. इतकं बरं वाटतंय याची त्याला भीती वाटली, तरी ते वाटायचं थांबेना.

"साल्या, मरेन मी! पाया पडतो!"

"ती पण पडली असेल की पाया. तेव्हा सोडलास तू?"

ताईच्या लग्नापासूनच्या सात वर्षांत पहिल्यांदाच त्याने दाजीला अरेतुरे केलं. दाजीने वर पाहिलं. याला सगळं कळलंय, हे त्याच्या तोंडावर उमटलं, आणि मग तो नुसताच रडू लागला.

दांडा सोडला तरी विंच मागे येत नाही, दात धरून ठेवतात. एक हात दांड्यावर ठेवून खारूने दुसऱ्याने ताईला फोन लावला.

"ताई, त्याचा हात झाडात अडकलाय. उजवा. दांडा माझ्या हातात आहे. काय करू ते तूच सांग."

खालून किंकाळ्या येत होत्या. त्या तिला ऐकू जात असणार. ती एकच शब्द बोलली आणि तिने फोन ठेवला.

नेमका तेव्हाच वाऱ्याचा झोत आला. या वेळी मात्र खारूला खरंच कळलं नाही, ती 'सोड' म्हणाली की 'ओढ'.

शब्द नीट कळला नाही, तर हात असेल तिथेच ठेवायचा. खारूने हात दांड्यावरच ठेवला. खाली दाजी ओरडत राहिला.