पाठीवरची पानं

पणदऱ्याच्या दिशाला खोडरबर दिसला की राहवत नसे. अर्ध्या ब्लेडनं ती त्यात चिमणी कोरायची, मासा कोरायची, नाहीतर कडुनिंबाचं इवलंसं पान. मग शाईच्या पॅडवर दाबून जे हाताला लागेल त्यावर उमटवायची. घरातल्या कॅलेंडरवर, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर, एकदा तर झोपलेल्या चुलतभावाच्या कपाळावर. बारामतीला कॉलेजात जायला लागली तरी तिचा हा नाद सुटला नाही. तिची आई, पुतळाबाई, वैतागून म्हणायची, "खोडायची वस्तू ती, आन् तू तिलाच खोडत बसतीस!"

गावच्या मुलींच्या कबड्डी संघात दिशा चढाई करायची. पाय चपळ होते, पण कर्णधार छकुलीचा तिच्यावर भरवसा नव्हता. सरावाच्या मधल्या सुट्टीत बाकीच्या पोरी डावपेच बोलायच्या आणि ही बाजूला रबर कोरत बसायची. "उंदरावानी कुरतडत असती सारखी," छकुली म्हणायची. सगळ्या हसायच्या. दिशाही हसायची, पण ते तिच्या मनाला लागायचं.

शहाण्णव साली हिवाळ्यात इंदापूरला मुलींच्या स्पर्धा भरल्या. पणदऱ्याचा संघ जीपमध्ये दाटीवाटीनं बसून सकाळीच पोचला. नोंदणीच्या टेबलावर पंचांनी नवेकोरे पांढरे टी-शर्ट उलटेपालटे करून बघितले.

"पाठीवर नंबर कुठायत?"

संघाला शिकवणारे रविंद्र सर गडबडले. "साहेब, एवढ्या बारी सांभाळून घ्या की."

"नियम आहे, सर. नंबर नसेल तर मैदानात उतरता येणार नाही. तासाभरात तुमचा सामना आहे."

सर पेंटर शोधायला गावात पळाले आणि हात हलवत परत आले. छकुलीनं बॉलपेननं एका शर्टावर आकडा गिरवून बघितला. दहा पावलांवरून तो दिसेनासा झाला. संघातली सुकन्या तर रडायलाच लागली. एवढा सराव केला, घरच्यांची बोलणी खाल्ली, आणि आता जीपमध्ये बसून माघारी जायचं?

दिशानं पिशवीतून तिचा डबा काढला. त्यात तिचे शिक्के होते, जांभळ्या शाईचा पॅड होता. पण खोडरबरावर आकडा कोरला तरी अंगठ्याएवढाच होणार. ती डबा उघडा टाकून नुसतीच बघत राहिली. मग तिनं कडुनिंबाच्या पानाचा शिक्का उचलला आणि छकुलीचा शर्ट बाकावर ताणून धरला. एक पान उमटवलं. त्याच्या टोकाला दुसरं. त्याला लागून तिसरं. पान पानाला जोडत गेली आणि बघता बघता शर्टाच्या पाठीवर वीतभर उंचीचा ठसठशीत एकचा आकडा उभा राहिला.

छकुली पुढं वाकली. "अगं बया!" एवढंच ती म्हणाली, आणि दुसरा शर्ट ताणून धरायला स्वतः बसली.

पॅड कोरडा पडायला लागला तसं दिशानं त्यावर पाण्याचे थेंब शिंपडले. शेवटचा शर्ट तिचा स्वतःचा. त्यावर सात उमटला तेव्हा पंच मागं येऊन उभे होते. "हे कशानं केलंत?" त्यांनी विचारलं. दिशानं शिक्का दाखवला. त्यांनी तो उलटा करून पाहिला, आणि म्हणाले, "चला, उतरा मैदानात."

पोरी अशा काही खेळल्या की बघणारे ओळी सोडून पुढं सरकले. पहिला सामना मारला, दुसराही मारला. दुपारी अंतिम सामना यजमानांशी पडला. शेवटच्या मिनिटाला गुण बरोबरीत आले. यजमानांनी एक दमलेली खेळाडू बाहेर काढून तानू नावाची ताज्या दमाची पोरगी कोपऱ्यात उतरवली. चढाई पणदऱ्याची होती. छकुलीनं सगळ्यांवरून नजर फिरवली.

"दिशा, तू जा."

दिशा दम धरून आत शिरली. डावीकडं हुलकावणी दिली, उजवीकडं वळली, आणि कोणीच हाताला लागेना. वेळ सरत आला. मागं फिरताना तिच्या पाठीवर कुणाचा तरी तळवा घसरला. तिनं अंग झटकलं आणि मध्यरेषेपलीकडं झेप घेतली.

शिट्टी वाजली. दिशानं हात वर केला. "माझ्या पाठीला हात लागलाय! गुण आमचा."

"न्हाय लागला!" यजमानांची कर्णधार ओरडली. पंचांनी एकमेकांकडं बघितलं. धुळीत कुणालाच नीट दिसलं नव्हतं. एकच गलका उठला.

दिशानं पाठीला हात लावला. घामानं शर्ट चिंब झाला होता, आणि तिची बोटं जांभळी झाली. ती एकदम वळली. कोपऱ्यात तानू मूठ आवळून उभी होती.

"साहेब, तिचा हात बघा. ती आत्ताच उतरलीय, अजून कुणाला शिवलेली न्हाय."

तानूनं आपल्या कर्णधाराकडं पाहिलं, मग पंचांकडं. "लागला व्हता, सर," ती म्हणाली आणि तिनं मूठ उघडली. तळव्यावर ओला जांभळा डाग होता, आणि त्याच्या कडेला कडुनिंबाच्या पानाचे दाते अजून मोजता येत होते.

पंचांचा हात पणदऱ्याकडं वर गेला. मग कोण कुणाच्या गळ्यात पडलं ते कळलंच नाही. छकुलीनं दिशाला कमरेला धरून उचललं, तोल गेला, आणि दोघी धुळीत पडल्या. तरी हसायच्या थांबेनात.

परत येताना बक्षिसाची ढाल कुणाच्या मांडीवर, यावरून जीपमध्ये भांडण लागलं. छकुलीनं ते मिटवलं. "फुडच्या शिटावर दिशा बसंल. ढाल तिच्यापाशी." भवानीनगरजवळ उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. ड्रायव्हरनं हॉर्न दाबूनच धरला, पोरी मागून आरोळ्या देत राहिल्या, आणि ट्रॅक्टरवाले माना वळवून बघत राहिले.

वेशीपाशी दिशाचे वडील, धोंडीबा, दुधाची किटली घेऊन डेअरीकडं चालले होते. जीप बघून ते रस्त्याच्या कडेला थांबले.

"काय झालं गं?" त्यांनी ओरडून विचारलं. "जिकली का कुणी?"

दिशानं ती जड ढाल दोन्ही हातांनी खिडकीबाहेर काढली.

"आमी, आबा! आमी जिकलो!"